पायावरचं अंडं

बी.ए. होऊन मी धुळ्याला परत आलो ते दिवस लढाईचे होते. रॉकेल मिळत नव्हते, कागद मिळत नव्हता आणि हायस्कुलात मास्तरची जागाही मिळत नव्हती. शिंदखेड्याकडच्या आमच्या खेड्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. त्यामुळे बी.ए. झालेल्या माणसाने दिवसभर काय करायचे असते, हे ना गावाला ठाऊक होते ना मला.

माझे शिक्षण झाले ते अक्कामुळे. ती माझी थोरली बहीण. लहान वयात कपाळ पांढरे झाल्यावर ती धुळ्याला आली आणि दर हंगामात जिनात, म्हणजे कापसातली रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापूस टाकायला जाऊ लागली. मी छात्रालयात राहून शिकलो आणि पुढे नाशिकला जाऊन कॉलेजात बसलो, ते तिच्या मजुरीवर. तिचे सगळे आयुष्य रुईच्या धुरळ्यात गेले आणि माझे पुस्तकांत, हे मला कोणी सांगावे लागत नव्हते. म्हणून तिने जेव्हा म्हटले, "शेठ जिनमा पोरेसकर्ता एक खोली काढी राहिना, तू तठे जाय," तेव्हा मी नाही म्हणालो नाही. हातातले पुस्तक मिटले, एवढेच. तिला ते कळले.

"तूबी लहानपने कापूसना ढीगवर झोपे," ती म्हणाली. "आते दुसरासन्या पोरेसले संभाय."

गावी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लोक माझ्याबद्दल विचारत, आंडोर, म्हणजे पोरगा, काय करस? आबा पारावर बसून अगदी शांतपणे सांगत, "पोरं राखस. ढोरं राखाले बी.ए. लागस नही, म्हनीसन पोरं राखस." लोक हसत. आबाही हसत. मी गावी गेलो की कोणीतरी मला हा विनोद पुन्हा ऐकवी.

खोली काढण्याचे कारण असे की, आदल्या हंगामात दुसऱ्या एका जिनात एका लहान पोराचा हात यंत्राच्या रुळांत जाता जाता वाचला होता. ते ऐकून आमच्या शेठांनी हुकूम काढला की, यापुढे जिनाच्या आत लेकरू दिसता कामा नये. बायका लेकरे कुठे ठेवणार? म्हणून सरकीच्या कोठाराशेजारची एक खोली झाडून, सारवून दिली. बायका तिला पोरांची खोली म्हणत. पाटीवर 'बालमंदिर' असे लिहिले होते, पण ती वाचणारा तिथे मी एकटाच.

पोरे तीन ते पाच वर्षांची. खेळणी नव्हती, पाट्या नव्हत्या, चित्रे नव्हती. होती फक्त रुई. ती खिडकीतून उडत यायची, सारवलेल्या जमिनीवर बसायची, पोरांच्या केसांत आणि माझ्या टोपीवरही. जिनाच्या मागे खराब रुईचा ढीग पडलेला असे, तो हवा तेवढा न्या असे मुकादमाने सांगितले. मी तिचा ससा केला, बगळा केला. पुढे पांढऱ्या वस्तूचे आणखी काय करावे ते सुचेना.

त्याच सुमारास जुन्या बाजारात एका वाण्याकडे पुड्या बांधायला आणलेली इंग्रजी सचित्र मासिके दिसली. कोणा साहेबाच्या बंगल्यातून आली असावीत. त्यांत ध्रुवाकडच्या सफरीची चित्रे होती. जिकडे पाहावे तिकडे बर्फ, त्यात पांढरे अस्वल, काठावर लोळणारे सील आणि दुसऱ्या एका पानावर काळा कोट घातल्यासारखे उभे पक्षी. सगळे पांढरे जग. मी वाण्याकडून ती पाने मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिले चित्र भिंतीला लावले आणि विचारले, "हे काय आहे?"

पोरांनी बराच वेळ पाहिले. मग एकजण म्हणाला, "गुरुजी, हाई कपाशीनं वावर शे."

"कपाशी नाही रे. बर्फ आहे तो."

"मंग कोणी येचत का नही?"

यावर दुसऱ्याने त्याला समजावले, "मजूर मियना नही व्हई."

अस्वल दाखवले तर त्यांना ते मुळीच पटेना. सातपुड्याकडून आलेल्या घरांतली पोरे होती त्यांत. अस्वल कसे असते ते त्यांनी मोठ्या माणसांकडून पुष्कळ ऐकले होते. "आसवल काया ऱ्हास," ती म्हणाली, "धव्या नही ऱ्हास." मी म्हणालो, तिकडे पांढरीच असतात. त्यावर एक लहान पोरगी चित्राजवळ गेली. तिने अस्वलाच्या डोळ्यांच्या वर बोट ठेवले आणि मागे वळून सगळ्यांना सांगितले, "दखा, भिवयासवरबी रुई शे. हाई आसवल जिनमा कामले जास."

सगळ्यांची खात्री पटली. त्यांच्या आयासुद्धा सकाळी काळ्या जात आणि संध्याकाळी भिवयांपर्यंत पांढऱ्या होऊन येत. अस्वलाचेही तसेच झाले असणार. मी बर्फाबद्दल पुन्हा समजावू लागलो, पण माझ्या बोलण्यात त्यांच्या बोलण्याइतका दम नव्हता.

बर्फ म्हणजे काय ते कळावे म्हणून मी सोडावॉटरच्या दुकानातून भुशात गुंडाळलेला तुकडा आणला. प्रत्येकाने हातात धरला आणि टाकला. "हाई चावस," एकजण म्हणाला. तेव्हापासून आमच्याकडे बर्फ थंड नसे, तो चावे. "जथं बरफ चावस, तथं आसवल ऱ्हास," असे पोरे एकमेकांना सांगू लागली.

मग कामाला सुरुवात झाली. चिंचोक्यांची खळ करून आणायची अक्का. गोणपाट आणि बांबूच्या कामट्या जिनातून मिळाल्या. आम्ही कामट्यांचा सांगाडा केला, त्यावर गोणपाट ओढले, पोरांनी खळ फासली आणि मुठीमुठीने रुई चिकटवली. निम्मी रुई अस्वलाला, निम्मी एकमेकांना. डोळ्यांना सीताफळाच्या बिया. मग खेळ. दोरीचे कडे जमिनीवर ठेवायचे, ते बर्फातले भोक. पोरे सील. सीलला श्वास घ्यायला भोकापाशी यावेच लागते आणि अस्वल काठावर दबा धरून बसते. सील हे नाव ऐकल्यावर पोरे शीळच घालू लागली. त्यामुळे आमचे सील भोकातून डोके वर काढताना शीळ घालत आणि पकडले जात. अस्वलालाही ते सोयीचे होते.

या सगळ्यात ती भिवया दाखवणारी पोरगी नसायची. तेवढे एकदाच ती चित्रापाशी आली होती. एरवी ती दाराशी बसे. मी पाठ वळवली की ती पळे, सरकीच्या कोठाराला वळसा घालून थेट जिनात, जिथे रूळ फिरत आणि तिची आई उभी असे.

तिची आई आमच्याच बाजूची. नवरा लाकूडतोडीच्या कामाला सातपुड्यात गेलेला, तिकडून निरोपही येत नसे. हंगामाचे काम गेले तर या दोघींना गावाकडे परत जावे लागले असते आणि गावाकडे भाऊबंदांच्या दारात उभे राहण्याशिवाय दुसरे काही नव्हते. ती मला भाऊ म्हणे. मुकादमाला सगळ्या नाना म्हणत. नाना वाईट माणूस नव्हता. पोरगी दिसली की तो तिला कडेवर घेऊन माझ्याकडे आणून सोडी. पण हुकूम शेठांचा होता आणि पोरगी रोज दिसत होती.

एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तो आई आणि लेक दोघींना घेऊन माझ्या दारात आला.

"मास्तर, ऐका. आता एकदाच सांगतो. पोर परत आत दिसली तर हिने उद्यापासून येऊ नये. शेठनी पाहिलं तर मला घरी बसवतील."

तो गेल्यावर आईने लेकीसमोर बसून तिचे दोन्ही हात धरले. "मी भोंगाले येस ना व माय? भोंगा व्हयना का मी उनीच समज. तू आठेच बस." पोरगी मान हलवत होती. ती रोजच मान हलवी.

त्या रात्री मी मासिकातले उरलेले पान वाचले. त्यात ते काळ्या कोटाचे पक्षी होते. त्यात लिहिले होते की, पेंग्विनची मादी बर्फावर अंडे घालते, पण बर्फावर घरटे करता येत नाही म्हणून अंडे पायांवर धरून पोटाखाली झाकायचे असते. एक समुद्राकडे अन्नाला गेला की दुसऱ्याने अंडे पायांवर घेऊन उभे राहायचे. पाय हलवला की अंडे बर्फावर आणि बर्फावर पडलेले अंडे गारठून जाते. आता माझ्या नातवंडांच्या पुस्तकात मी वाचतो की, त्यांच्या मोठ्या जातीत हे उभे राहण्याचे काम बापच करतो. तेव्हा माझ्या पानात आई-बाप दोघेही करत होते आणि कधी शेजारीही.

सकाळी मी अक्काने बियांसाठी वाळवलेले भोपळ्याचे तुंबे घेऊन गेलो. वाळलेला तुंबा उभा केला की पेंग्विन निम्मा तयारच असतो. पाठीला तव्याची काजळी तेलात कालवून लावली, पोटाला रुई, चोचीला हळदीत बुडवलेली कामटी. पोरांचे हात काळे, पोट पांढरे, तोंड पिवळे झाले. खरे पक्षी तीच वाटत होती.

"याचं नाव पेंग्विन," मी सांगितले.

"पेंगस का तो?"

"पेंगत नाही. पेंग्विन."

"मंग पेंगविन कसाले म्हंतस?"

एकाने लगेच उभ्याउभ्या डोळे मिटून मान खाली टाकून दाखवली. मग सगळ्यांनीच टाकली. पेंगणारा पक्षी, पेंगबाई, पेंगुल्या, अशी नावे निघाली. मी हरलो. पण म्हटले, ठीक आहे, पेंगतो खरा, पण पेंगतानाही पाय हलवत नाही. का, तर त्याच्या पायावर अंडे असते.

आल्याआल्याच आम्ही मातीची अंडी करून उन्हात ठेवली होती; ती सुकत आल्यावर वर रुई चिकटवली. मी वहाणा काढल्या, अंडे पायांवर ठेवले, धोतराचा सोगा त्याच्यावर सोडला आणि उभा राहिलो. पोरे पहिल्यांदा हसली आणि नंतर ओळीत उभी राहिली. प्रत्येकाच्या पायावर मी एकेक अंडे ठेवले. पडली, पुन्हा ठेवली. दाराशी बसलेली ती पोरगी हे बघत होती.

"तिनी माय कथी गयी?" तिने विचारले.

सबंध हंगामात ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"कोणाची?"

"अंडानी."

"समुद्रावर. मासे आणायला गेली."

ती विचार करत राहिली. "तठे भोंगा व्हस का?"

मी म्हणालो, "होतो."

तेवढ्यावर ती उठली. पाय जुळवून उभी राहिली आणि परकराची कडा वर धरून माझ्याकडे पाहू लागली. मी तिच्या पायांवर अंडे ठेवले. तिने परकर सोडला.

दुसरी पोरे थोड्या वेळाने कंटाळली आणि सील होऊन शिळा घालू लागली. ती उभीच. मी बस म्हणालो तर मान हलवून नाही म्हणाली. एक माशी तिच्या नाकावर बसली तरी तिने हात वर केला नाही. मला वाटले, आता पडेल, आता रडेल, आता पळेल. ती पळाली नाही.

दुपारच्या सुटीचा भोंगा झाला आणि तिची आई धावत आली. लेक आत आली नाही म्हणून तिचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. पोरगी कुठे हरवली, कोणत्या रुळापाशी गेली, असे तिच्या मनात चालले होते आणि हात मात्र कापूस टाकत होते. दारात येऊन तिने लेकीला उभी पाहिले आणि उचलायला पुढे झाली.

"हयू," पोरगी म्हणाली. "हयू व माय. अंडं पडी."

मी समजावून सांगितले. आईला ते निम्मेच कळले असावे. तरी ती लेकीच्या समोर आली, पाय जुळवले आणि लेकीने आपली पावले तिच्या पावलांना टेकवून ते अंडे हळूच तिकडे ढकलले. केसांपासून पायांपर्यंत रुईने माखलेली ती बाई अंडे घेऊन उभी राहिली आणि लेक भाकरी खायला बसली.

"भाऊ, मी कव्हय जेवू?" ती मला म्हणाली. तिला हसू येत होते आणि डोळेही पुसायचे होते. पण हात पोरीच्या अंड्यावर लुगडे धरण्यात गुंतले होते.

त्यानंतर रोज तसेच. सकाळी आई समुद्रावर जाई आणि लेक अंडे घेई. दिवसभर कोणी उभे राहत नसते, तीही नंतर बसू लागली, चिकटवू लागली, अस्वलाला घाबरवू लागली. पण बसायच्या आधी अंडे कोणाच्या तरी पायांवर देई. शेजाऱ्याने घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम तिने स्वतःच केला आणि सगळ्यांना लावला.

मला मात्र भरवसा नव्हता. हे खेळावर चालले होते आणि खेळ मोडायला काय लागते?

तो मोडायची वेळ होळीच्या जवळपास आली. उन्हे तापू लागली होती. त्या दिवशी दुपारचा भोंगा झाला आणि बाकीच्या आया येऊन आपापली पोरे घेऊन गेल्या. हिची आई आली नाही. थोड्या वेळाने जिनाची घरघर बंद असल्याचे माझ्या लक्षात आले. बाहेर डोकावलो तेव्हा एका गड्याने सांगितले की, मागच्या रांगेच्या यंत्रांचा पट्टा तुटून सगळे जिन थांबले आहे. त्या रांगेतल्या बायकांना सांडलेला कापूस उचलून घेतल्याशिवाय सोडणार नाहीत.

मी हे पोरीला सांगितले. तिने ऐकले की नाही कोण जाणे. तिच्या पायांवर अंडे होते. ती दाराकडे बघत होती आणि तिचा खालचा ओठ हलू लागला होता. दुसरे कोणी पोर खोलीत नव्हते. मी दाराजवळ जाऊन उभा राहिलो. अडवावे की नाही ते मला ठरवता येईना. तिला धरून ठेवले असते तर ती त्या खोलीत परत कधीच आपणहून बसली नसती.

"गुरुजी," ती म्हणाली, "तू धर."

"काय?"

"अंडं. मी मायले हाक मारी येस."

मी वहाणा काढल्या. तिच्या समोर उभा राहिलो. तिने आपली पावले माझ्या पावलांना टेकवली आणि अंडे ढकलले. मग मान वर करून माझे धोतर नीट खाली आले आहे ना ते पाहिले आणि गेली.

ती कोठाराला वळसा घालताना मला खिडकीतून दिसली. जिनाचे मोठे दार उघडे होते आणि दारात नाना उभा होता. मी हाक मारली असती तर ती थांबली असती का, ठाऊक नाही. मी मारली नाही. आणि, हे आता लिहिताना हसू येते, पण मी जागचा हललोही नाही.

पोरगी दारापाशी पोचली. उंबरठ्यापाशी आली आणि तिथेच थांबली. पाय जुळवून उभी राहिली. मग तिने हाक मारली, "माय!" पुन्हा, "माय व!" एरवी त्या घरघरीत शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. त्या दिवशी यंत्रे बंद होती. हाक शेवटच्या भिंतीपर्यंत गेली असेल.

नाना वाकून तिच्याशी काही बोलला. काय ते मला ऐकू आले नाही. मग त्याने आत वळून आवाज दिला आणि कापसाने माखलेली आई बाहेर आली. नाना हात हलवत तिला काहीतरी सांगत होता. मला वाटले, संपले. मग आईने लेकीला कडेवर घेतले आणि तिघेही माझ्या खोलीकडे आली.

"मास्तर, पोर आत आली नाही," दारातूनच नाना म्हणाला. कोणी आपल्यावर आळ घेईल अशा स्वरात. "उंबऱ्याबाहेर उभी होती. मी स्वतः पाहिलं. शेठनी विचारलं तर मी सांगीन." मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली. "तुम्ही काय करताय?"

पोरगी आईच्या कडेवरून खाली उतरली आणि तिने माझ्याकडून अंडे परत घेतले.

हंगाम संपेपर्यंत ती बाई कामावर राहिली. पुढच्या वर्षी मला जळगावला हायस्कुलात जागा मिळाली. आबा गावात सांगू लागले की, आते मोठलाले पोरं राखस. माझे उरलेले आयुष्य इंग्रजी व्याकरण शिकवण्यात गेले आणि त्याबद्दल मी कोणाकोणाचा ऋणी आहे ते मला ठाऊक आहे. अक्का तर आहेच. पण बालवर्गातला तो एक हंगाम संपला तेव्हा हातातून काही निसटले, असे मला जळगावात पहिले काही महिने वाटत राहिले. मोठ्या पोरांना काही सांगितले की ती लिहून घेत. कोणी विचारत नसे की, तठे भोंगा व्हस का?

पट्टा तुटला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला चांगली आठवते. मी खोली उघडून बाहेर उभा होतो. बायका फाटकातून येत होत्या. ती बाई रोज लेकीला माझ्या दारापर्यंत आणी, आत बसवी, दोनदा मागे वळून बघे आणि मग जाई. त्या दिवशी तिने फाटकातच लेकीचा हात सोडला. पोरगी एकटी अंगण ओलांडून माझ्याकडे येऊ लागली, मध्येच उडणारी रुई पकडत, कुठलीही घाई न करता. आई जिनाच्या दाराकडे निघाली होती. बाकीच्या बायकांशी बोलत ती आत गेली.